मुक्या जनावरांचा विद्यार्थी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला दोन महिन्यांपूर्वी सांगितले, तेव्हा "मी बापडी कशावर बोलणार?" असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "तुमच्या घरातलेच काही सांगा. पुस्तकातले आम्ही वाचतोच." घरातले काय सांगावे या विवंचनेत असताना दिवाळीच्या साफसफाईसाठी माळ्यावर चढले आणि तेथे आजोबांची काळी चामडी बॅग हाती लागली. आमचे आजोबा गुरांचे डॉक्टर होते. ते गेले त्याला आता तीस वर्षे होऊन गेली.

बॅगेत काय काय निघाले म्हणता? पितळी नळीत ठेवलेला एक जाड थर्मामीटर. औंसाच्या खुणा असलेले, टवके उडालेले एक पांढरे मापाचे भांडे. पोकळ नळीत बसणारी, बोटाएवढी जाड आणि टोकदार सळई. तिला ट्रोकार म्हणतात. आणि सर्वांत खाली रबराची नळी लावलेला एक सायकलचा पंप! माझा नातू शेजारी बसला होता. तो विचारू लागला, "आजी, ते डॉक्टर होते की सायकलवाले?" आम्ही सगळे हसलो. पण त्या पंपाने एका घरची म्हैस वाचवली होती. ती गोष्ट मी शेवटी सांगणार आहे. त्याआधी त्या पंपापर्यंत आजोबा कसे पोचले, ते ऐका.

आजोबांचे गाव येथून काही कोसांवर, बोरी नदीच्या काठी. घरी कोरडवाहू जमीन, दोन बैलजोड्या, गाई, एक म्हैस. आपल्या खानदेशात तापीकाठच्या खिल्लार बैलांचे नाव मोठे. तसली एक जोडी आमच्या पणजोबांनी कर्ज काढून घेतली होती. आजोबा आठ-नऊ वर्षांचे असताना गावात बुळकांडी आली. आजच्या मुलींना हा शब्दही ठाऊक नसेल. पण त्या काळी पटकीचे नाव काढल्यावर माणसे जशी हबकत, तसा बुळकांडीच्या नावाने शेतकरी हबकून जाई. जनावराला सणकून ताप यायचा, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळायचे, तोंडात फोड यायचे, मग रक्ताची हगवण, आणि आठ-दहा दिवसांत खेळ आटपायचा. एका दावणीला आली की दुसरीला जायची. आमच्या गोठ्यातील सात जनावरांपैकी दोन उरली. ती खिल्लारी जोडी गेली आणि तिचे कर्ज मात्र राहिले. पणजी रिकाम्या दावणीपुढे रोज सवयीने कडबा टाकायची आणि मग भानावर येऊन उचलायची, हे आजोबा म्हातारपणी सांगत तेव्हाही त्यांचा आवाज जड होत असे.

शिक्षणासाठी ते अमळनेरला आले. प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिकवीत होते, तोच हा काळ. गुरुजी १९२४ ते १९३० या वर्षांत येथे होते. मॅट्रिक झाल्यावर बरोबरीच्या हुशार मुलांना वकील, मामलेदार व्हायचे होते. आजोबांनी गुरांचा डॉक्टर व्हायचे ठरवले. घरात वादळ झाले. "ढोरं राखायला मॅट्रिक कशाला व्हावं लागतं?" असे पणजोबांनी विचारले. तरीही १९३३ साली पत्र्याची ट्रंक घेऊन ते सुरत-भुसावळ लाइनच्या गाडीत बसले आणि जळगावला गाडी बदलून मुंबईस गेले.

भगिनींनो, परळचे ते ठिकाण एका स्त्रीच्या नावाने ओळखले जाते, हे आपण मुद्दाम लक्षात ठेवावे. सर दिनशा माणेकजी पेटिट या पारशी गिरणीमालकांच्या देणगीतून तेथे जनावरांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे नाव दिले गेले. त्याच दवाखान्याच्या आधाराने १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जॉन हेन्री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. दवाखाना आणि कॉलेज दोन्ही आजही परळला आहेत. तेथून उत्तीर्ण होणाऱ्याच्या नावापुढे जी.बी.व्ही.सी. ही अक्षरे लागत. त्या अक्षरांचा अर्थ खेड्यात कोणाला कळत नसे. आमच्या आजीच्या माहेरी स्थळ सांगून आले तेव्हा "मुलगा डॉक्टर आहे" म्हणताच सारे खूश झाले. "कशाचा?" असे आजीच्या आजीने विचारले. "गुरांचा," असे उत्तर आल्यावर ती म्हणाली, "बरं झालं. न बोलणाऱ्याचं दुखणं ज्याला कळतं, त्याला बायकोचंही कळेल." लग्न ठरले. ते भाकीत कितपत खरे ठरले, हे आजीने आम्हांला कधी सांगितले नाही!

आता त्या विद्यार्थिदशेकडे वळते. आज गुरांच्या दवाखान्यात गेले तर सुई आहे, सलाइन आहे, प्रतिजैविके आहेत. १९३३ साली यांतले जवळजवळ काहीच नव्हते. पेनिसिलिनचा शोध १९२८ साली लंडनला लागला होता खरा, पण ते औषध म्हणून वापरात यायला पुढची दहा-पंधरा वर्षे जावी लागली. आपल्या देशात पिंपरीच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले १९५५ साली. सल्फा औषधांची पहिली बातमी जर्मनीहून आली ती १९३५ साली, म्हणजे आजोबा अर्धे शिकून झाल्यावर.

मग ते शिकत तरी काय होते? पहिल्या वर्षी हाडे. घोड्याचे प्रत्येक हाड डोळे मिटून हातात घ्यायचे आणि डावे की उजवे ते सांगायचे. अभ्यास सगळा घोड्याभोवती फिरे, कारण हे शास्त्र इंग्रजांनी येथे आणले ते मुख्यतः लष्कराच्या घोड्यांसाठी. वास्तविक मुंबईत १९०७ पासून विजेच्या ट्रामगाड्या धावू लागल्या होत्या आणि मोटारी वाढत चालल्या होत्या. दवाखान्याच्या दारात व्हिक्टोरियाचे घोडे येत, त्यांच्याबरोबरीने भारगाड्यांचे बैल आणि तबेल्यांच्या म्हशीही येत. तरी पुस्तकात पहिला मान घोड्याचा. ही तऱ्हा केवळ आपल्याकडचीच होती असे नाही. जेम्स हेरियट या नावाने ज्यांची जनावरांच्या डॉक्टरकीवरील पुस्तके पुढे जगभर गाजली, ते जेम्स आल्फ्रेड वाइट याच सुमारास, १९३३ ते १९३९ या काळात, स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला शिकत होते. त्यांनाही घोड्याचाच पाठ होता आणि तिकडेही घोडे रस्त्यावरून दिसेनासे होत होते.

औषधांची खोली म्हणजे आपल्या स्वयंपाकघराची मोठी बहीण, असे आजोबा म्हणत. जवसाचे तेल, हिंग, सुंठ, कापूर, कात, खडू, विलायती मीठ. त्यांच्या जोडीला टर्पेंटाइन, टिंचर आयोडीन, कार्बोलिक, अफूचा अर्क, आणि शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म. हगवणीला कात आणि खडू, बद्धकोष्ठाला विलायती मीठ, पोटफुगीला तेल आणि टर्पेंटाइन, लंगडणाऱ्या पायाला तापल्या लोखंडाचा डाग. प्रत्येक औषध खलात घोटायचे, मापाने मोजायचे, बाटलीवर चिठ्ठी लावायची. त्यांतली पुष्कळशी औषधे दुखण्याला हात लावीत नसत. जनावराला थोडा आराम पडे, मालकाला धीर येई आणि बाकीचे काम जनावराचे शरीरच करी.

म्हणूनच खरे शिक्षण होते ते डोळ्यांचे आणि हातांचे. जनावर दारात आले की औषधाचा शब्द काढायचा नाही. आधी दहा मिनिटे नुसते पाहत उभे राहायचे. ते कसे उभे आहे? कोणत्या पायावर भार देत नाही? कान गार आहेत की गरम? नाकपुडीवर दव आहे की ती कोरडी पडली आहे? रवंथ करते का? शेण कसे टाकले? मग जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजायची. थर्मामीटर लावायचा. बैलाचे अंग आपल्यापेक्षा मुळातच गरम असते, १०१ ते १०२ अंशांच्या आसपास. आपला ताप तो त्याचा नित्याचा पारा. मग डाव्या भकाळीवर मूठ दाबून धरायची. आत मोठे पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा लाटेसारखे उसळले पाहिजे. ती लाट मुठीला कळली की निम्मे निदान झाले. आजोबांनी आम्हां भावंडांना गोठ्यात नेऊन ही लाट दाखवली होती. आजही मला ती मुठीत आठवते.

याच काळात त्यांच्या मनाची एक जुनी गाठ सुटली. मेलेले जनावर फाडून पाहणे हा त्यांच्या शिक्षणाचा भागच होता. पण शेतकऱ्याच्या मुलाने मेलेल्या ढोराला हात लावायचा म्हणजे त्या काळी केवढे पाप! सुटीत घरी आले की पणजी त्यांना अंगणातच आंघोळ घाली आणि त्यांचे कपडे निराळे ठेवी. आजोबा म्हणत, "मी चार वर्षे पुस्तक उघडून जे पाहिले, ते आमच्या गावकुसाबाहेरच्या, ढोरे ओढून नेणाऱ्या माणसांना आधीच ठाऊक होते. फाशी रोगाने मेलेल्या बैलाची पांथरी सुजून काळी पडते आणि त्याचे रक्त गोठत नाही, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा मला परीक्षेतला प्रश्न आठवला." त्याच बैलाचे कातडे सोलताना त्या लोकांच्या हातावर काळपुळी उठे आणि कित्येक त्यात दगावत. फाशीने मेलेले जनावर मुळीच उघडू नये, चुना टाकून खोल पुरावे, हे शास्त्र सांगते. पण त्यांना ते सांगायला कोण गेले होते? ज्यांना आपण शिवत नव्हतो, त्यांच्या जिवावर आपले गाव स्वच्छ राहत होते. हे शिकायला मला मुंबईला जावे लागले, असे म्हणून आजोबा बराच वेळ गप्प बसत.

आता ती गोष्ट. त्यांनी ती आम्हांला एकदाच सांगितली.

दुसऱ्या वर्षाची दिवाळीची सुटी होती. भुईमूग काढणीचे दिवस. शेजारच्या मळ्यात एक जिजी राहत असे. नात्याने लांबची चुलती. तिच्या घरचा बैल भुईमुगाचा ओला पाला खाऊन फुगला. डावी कूस ढोलासारखी टम्म. गावात "डॉक्टर" आलेलाच होता! विशीतले वय, गळ्यात मुंबईचा मफलर. जिजीचे यजमान धावत आले. आजोबांजवळ तेव्हा ट्रोकार नव्हता. तो असता तर भकाळीत ठराविक जागी खुपसून वायू बाहेर काढता आला असता. त्यांनी तेल आणि टर्पेंटाइन कालवले, बांबूचे नळकांडे घेतले, दोघांना बैलाचे तोंड वर धरायला लावले, जीभ ओढून धरली आणि ओतू लागले. बैलाला ठसका आला. जिजी दाराशी उभी होती. रोज त्या बैलाला पाणी दाखवणारी तीच. ती म्हणाली, "भाऊ, थांब ना रे, बैल ठसकी ऱ्हायना." आजोबा म्हणाले, "जिजी, तू बाजूला हो. मला कळतं." आणि उरलेले औषध त्यांनी ओतले.

पोट उतरले. सगळ्यांनी वाहवा केली. दुसऱ्या दिवशी बैलाला धाप लागली. तिसऱ्या दिवशी त्याने मान टाकली. चौथ्या दिवशी तो गेला. तेल फुप्फुसात उतरले होते. जीभ ओढून धरल्याने त्याला गिळता येत नव्हते आणि मान फार वर असल्याने औषध श्वासाच्या वाटेने गेले. एकदा असे झाले की त्या काळी त्यावर काहीही इलाज नव्हता. आज प्रतिजैविके आहेत, तरीही अशी किती जनावरे जातात हे आपल्या गावच्या डॉक्टरांना विचारा. ठसका आला की हात थांबवायचा, डोके खाली सोडायचे, जनावराला खोकू द्यायचे. इतके साधे होते ते. जिजीने ते पुस्तक न वाचता सांगितले होते.

जिजीच्या घरून कोणी एक शब्द बोलले नाही. आजोबा म्हणत, "त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते." त्या वर्षी त्यांनी रब्बीची पेरणी दुसऱ्याचा बैल मागून आणून केली. आजोबा परळला परतले आणि सामान बांधून घरी यावे असे त्यांच्या मनाने घेतले. एका शिक्षकांना त्यांनी सारे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, "आपल्याजवळ बरे करणारी औषधे थोडी आहेत. मारणारी चूक मात्र प्रत्येक बाटलीत आहे. आता तू शिकायला लायक झालास." त्या दिवसापासून आजोबांनी एक वही घातली. जनावर कोणाचे, काय झाले, काय दिले, काय घडले, असे लिहीत. प्रत्येक पानावर पहिली ओळ असे: "गोठ्यातील बाईने काय सांगितले." ती वही मात्र मला बॅगेत मिळाली नाही. पावसात गेली असावी. पण ती ओळ आमच्या घरात सर्वांना पाठ आहे.

भगिनींनो, या ओळीचा अर्थ पाहा. गुरांची धार कोण काढते? पाणी कोण दाखवते? वासराला कोण सोडते? शेण कोण उचलते? बहुतेक घरांत बाईच. मग म्हशीने काल ढेप अर्धी ठेवली, आज शेण पातळ टाकले, हे आधी कळणार कोणाला? पण डॉक्टर आला की बोलणार पुरुष, आणि बाई दाराआड. औषधे थोडी होती त्या काळात ही माहिती हेच अर्धे औषध होते आणि ते दाराआड वाया जात होते. जी गोठ्यात तीच शास्त्रातही गोष्ट. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या अ‍ॅलीन कस्ट या बाईंनी एडिंबरोला पशुवैद्यकाचे शिक्षण १९०० साली पुरे केले. बाई म्हणून त्यांना सनद नाकारली गेली, ती मिळाली थेट १९२२ साली. आपल्या देशात साक्कुबाई रामचंद्रन या मद्रासच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून १९५२ साली पदवीधर झाल्या. भारतातील पहिली स्त्री पशुवैद्य म्हणून त्यांचे नाव घेतात. आज परळच्या त्याच कॉलेजात मुली शिकतात. आजोबांना ते पाहून फार समाधान वाटले असते.

आता पंप. शेवटच्या वर्षाची सुटी. रात्री जिजीचा मुलगा कंदील घेऊन आला. परवा व्यालेली म्हैस बसली ती उठत नव्हती. आजोबा गेले. भरपूर दूध देणारी, तिसऱ्या वेताची म्हैस. मान वळवून कुशीवर ठेवलेली, कान गार, डोळे निस्तेज. थर्मामीटर लावला तर पारा उलट खाली. घरचे पुरुष म्हणत होते की बाहेरचे काही लागले असावे. आजोबांनी जिजीला आत बोलावून विचारले, "जिजी, तू काय पाहिलंस?" तिने सांगितले: सकाळी धार काढताना म्हैस मागच्या पायांत लडबडली, दुपारी अंग थरथरले, आणि आज कासेत दूध रोजच्याहून जास्त उतरले होते. निदान तेथेच झाले. हा दुग्धज्वर. नावात ज्वर आहे, पण यात अंग गार पडते.

याचा इलाज डेन्मार्कमधील श्मिट नावाच्या पशुवैद्याने १८९७ साली सुरू केला. तो सडातून कासेत औषध सोडीत असे. पुढे असे दिसून आले की औषध नको, नुसती स्वच्छ हवा भरली तरी जनावर उठते! असे का होते ते कोणास ठाऊक नव्हते. १९२५ च्या सुमारास एडिंबरोच्या संशोधकांनी उलगडा केला. व्याल्यावर एकदम दूध उतरू लागले की रक्तातला कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, दुधात निघून जातो आणि स्नायू लुळे पडतात. कासेत हवा भरली की आतल्या दाबाने दूध उतरणे थांबते आणि कॅल्शियम रक्तात राहतो. आज डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात आणि हवा भरण्याची गरज उरलेली नाही. पण तेव्हा बोरीकाठच्या खेड्यात ते इंजेक्शन कोठून येणार?

आजोबांनी सायकलचा पंप मागवला. सडात घालायची नळी उकळून घेतली. पंपाच्या नळीत स्वच्छ कापूस दाबून बसवला, की हवा गाळून जावी. नाहीतर कास सुजून दगडी व्हायची. जिजीने कास गरम पाण्याने आणि साबणाने धुतली. मग एकेक सड भरून त्यावर कापडी पट्टी हलक्या हाताने बांधली. आणि वाट पाहत बसले. जिजी एका बाजूला, आजोबा दुसऱ्या बाजूला, मध्ये कंदील. तासाभराने म्हशीने कान हलवले. आणखी थोड्या वेळाने मान सरळ केली. पहाटेच्या सुमारास ती धडपडून उठली आणि तिने शेण टाकले. आजोबा म्हणत, "शेण पाहून एवढा आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही!"

मग जिजीने एकच प्रश्न विचारला. बैल गेल्यावर तीन वर्षांनी, पहिल्यांदाच. "भाऊ, हाई तवय नई व्हतं का?" म्हणजे, हे ज्ञान तेव्हा नव्हते का? आजोबा म्हणाले, "व्हतं, जिजी. मी थांबनू नई." जिजी काही बोलली नाही. तिने त्यांना वाटीभर खर्वस आणून दिला. तो पंप त्याच घरचा. जिजीने तो परत घेतला नाही.

पुढे आजोबांनी सरकारी नोकरीत गावोगाव हिंडून बुळकांडीची लस टोचली. या लढ्याची प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यास निघाली आणि १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तेथे एडवर्ड्स या शास्त्रज्ञाने बुळकांडीचा विषाणू शेळ्यांतून पुन्हापुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यातून १९२०-३० च्या दरम्यान लस तयार झाली. १९५४ साली देशभर मोहीम सुरू झाली. भारतात शेवटची साथ झाली १९९५ साली, आणि २०११ साली सगळ्या जगातून बुळकांडी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीच्या रोगानंतर मुळासकट गेलेला हा दुसराच रोग. ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा आजोबा नव्हते. पणजीची ती रिकामी दावण मला आठवली.

मैत्रिणींनो, हे सगळे जुने झाले, आता औषधे आहेत, असे आपल्याला वाटेल. पण २०२२ चा श्रावण आठवा. लम्पी आली ती आपल्याच जळगाव जिल्ह्यात. अंगभर गाठी, ताप, पाय सुजलेले. पोळ्याला बैल सजवायचे की नाही, या चिंतेत घरे होती. विषाणूचा रोग, पेनिसिलिन त्याचे काही करू शकत नाही. लस दिली गेली ती शेळ्यांच्या देवीची! म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा शेळीच आपल्या मदतीला आली. आणि जी जनावरे जगली, ती कशी जगली? कोणी जखमा धुतल्या, माश्या वारल्या, पेज पाजली, कोवळा चारा हाताने तोंडात घातला. ते हात कोणाचे होते, हे या सभेत मी सांगायला नको. १९३३ साली आजोबा जे शिकत होते, ते २०२२ साली आपण गोठ्यात केले.

औषधे आली याचे मोल मी कमी लेखीत नाही. जिजीचा बैल आज कदाचित वाचला असता. पण औषध हाती आले की पाहणे थांबते, हा धोका आहे. जनावराचे दुखणे कमी करणारे डायक्लोफिनॅक आले. ते दिलेली मेलेली ढोरे खाऊन देशातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी घालावी लागली. प्रतिजैविके उठसूट टोचली तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. मग पेटी भरलेली असूनही आपण पुन्हा आजोबांच्या विद्यार्थिदशेत जाऊन पडू.

म्हणून मंडळापुढे तीनच गोष्टी ठेवते. पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची आणि फऱ्याची लस आपल्या गल्लीतल्या, मळ्यातल्या प्रत्येक जनावराला टोचली गेली की नाही, हे आपण बायकांनी पाहावे. इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या जनावराचे दूध घरात वापरू नये आणि विकूही नये. आपले दूध दुसऱ्याच्या तान्ह्या बाळाच्या पोटात जाते. आणि तिसरी गोष्ट: डॉक्टर गोठ्यात आले की दाराआड राहू नका. पुढे व्हा आणि काय पाहिले ते सांगा. ते घाईत असतील, "मला कळतं" असेही म्हणतील. तरी सांगा.

आजोबांची बॅग मी मंडळाच्या कपाटात ठेवायला देत आहे. थर्मामीटर अजून चालतो. पंपाचा वॉशर मात्र गेला आहे. नातू म्हणतो, नवा बसवून देतो.